माळ कोणाचा?



गोल्फ हा खेळ आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. आम्हीही तो कधी खेळलेलो नाही. पण त्याच्या एका मैदानाची हकिगत आपल्या गावकीच्या भांडणांशी इतकी जुळते, की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. समुद्रालगतच्या वाळवट माळावर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नमूद झाला. त्याच सनदेने आर्चबिशप हॅमिल्टन यांना तेथे ससे पाळण्याची मुभाही मिळाली. पुढे घात केला तो सशांनीच! १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने या माळावर ससे पाळण्याचा धंदा होऊ दिला. ससा म्हटला की बिळे आलीच. चेंडू घरंगळायचा कोठे? खेळाडू चिडले. कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रसंगी हातघाईही. वीसएक वर्षे हे चालले. अखेर १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने माळच विकत घेतला, तेव्हा खेळ वाचला.

येथवर आमची सहानुभूती सर्वस्वी खेळाडूंकडे आहे.

आता दुसरा प्रसंग. २०१२ च्या नोव्हेंबरात व्यवस्थापकांनी याच मैदानात काही फेरफार जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत काम सुरूही केले. सतराव्या होलपाशी (होल म्हणजे आपल्या गोट्यांच्या खेळातली गल) वाळूचा एक प्रसिद्ध खड्डा आहे, तो अर्ध्या मीटरने रुंदावला. अकराव्याजवळचा उतार सौम्य केला. देशोदेशींचे जाणकार संतापले. पवित्र वास्तूला हात लावलात, म्हणाले.

हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. तेथे पूर्वी फेरी बावीस होलची होती. ती अठरावर आणली १७६४ साली, आणि आणली कोणी? तेथल्या गोल्फ मंडळाच्या सभासदांनीच! आज जगभर जे अठरा होल शास्त्र म्हणून पाळले जातात, ते असे एका फेरफारातून आलेले आहेत. मग जुनेपणाची ढाल कशी चालावी?

पण टीकाकारांची दुसरी तक्रार अशी झटकून टाकता येत नाही. ती अशी, की आम्हाला कोणी विचारलेच नाही. मैदान कोण्या एका क्लबाचे नाही, सार्वजनिक आहे. रविवारी तेथला खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरायला येतात.