रस्ता कुणासाठी आला?

(शिबिरात केलेलं भाषण)



आज आपण लांबच्या देशाची गोष्ट करू. देश ब्राझील. तिथंही जंगलात राहणारे लोक आहेत. आदिवासी आहेत, आणि झाडाला चिरा पाडून रबराचा चीक काढणारे गरीब लोकही आहेत.

त्या देशाची प्रगती फार वेगानं झाली असं सांगतात. १९७० साली सरकारने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून मोठा रस्ता काढायला घेतला. घोषणा दिली, 'माणसं नसलेली जमीन, जमीन नसलेल्या माणसांना.' माणसं नव्हती कशी? आदिवासी होते. पण कागदावर नव्हते. आपण तरी कुठं आहोत कागदावर?

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून रोंडोनियाचा रस्ता डांबरी झाला. एड्रियन कॉवेल नावाचा इंग्रज माणूस १९८० पासून तिथं जाऊन सिनेमा काढत होता. त्या भागात घडलं ते असं. रस्त्यानं भूमिहीन शेतकरी आले. त्यांनी जंगल तोडलं, जाळलं. राखेवर दोन-चार वर्षं पीक आलं, मग जमीन मेली. शेतकरी कंगाल होऊन पुढं गेला. मागून बडा जमीनदार आला, त्यानं गुरांचं कुरण केलं. कायदाही असा, की झाडं तोडेल त्याचा दावा पक्का. राखेल त्याला काही नाही.

शेजारच्या आक्रे राज्यात रबरवाले बायका-पोरांसकट करवतीपुढं उभे राहिले. त्यांचा पुढारी शिको मेंडिस. २२ डिसेंबर १९८८ ला त्याला घराच्या दारातच गोळी घातली. पण लढा मेला नाही. १९९० साली त्याच्या नावानं सुमारे पावणेदहा लाख हेक्टर जंगल राखीव झालं. जमीन सरकारची, पण राहायचा आणि रबर, फळं काढायचा हक्क तिथल्या लोकांचा. आपल्याकडे राखीव म्हणजे माणसं बाहेर. तिथं राखीव म्हणजे माणसं आत!

त्याच बँकेचं कर्ज १९९३ पर्यंत सरदार सरोवराला होतं. त्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात गेली. म्हणून ही गोष्ट लांबची नाही.

रस्ता नको असं आपण म्हणत नाही. बाळंतीण बाईला झोळीत घालून किती दिवस न्यायची? पण रस्ता यायच्या आधी जमीन आपल्या नावावर पाहिजे. म्हणून दंडाच्या जुन्या पावत्या जपा. त्याच आपला पुरावा. कोण कुठली जमीन कधीपासून कसतो, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा. मोजणीला कुणी आलं तर एकट्यानं अंगठा देऊ नका. आधी पाड्याची बैठक, मग अंगठा.

जिंदाबाद!