पोरांना रस्त्यानं चालायला शिकवू या

कीर्तनाआधी थोडा वेळ मिळालाय, तेवढ्यात पोरांविषयी बोलतो.

पौषात आपली दिंडी मोखाड्यावरून तोरंगण घाट चढून निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाते. पाचवी-सहावीची मुलंही टाळ घेऊन चालतात, आनंदच आहे. पण 31 ऑक्टोबर 2022 ची संध्याकाळ आठवा. कार्तिकीला निघालेली कोल्हापूरकडच्या जठारवाडीची दिंडी सांगोल्याजवळ जुनोनीत होती. भरधाव मोटार दिंडीत शिरली अन् 7 वारकरी गेले.

आपण मुलांना "जपून जा" म्हणतो. जपून म्हणजे काय, ते रस्त्यावर नेऊनच दाखवावं लागतं. दहा वर्षांच्या पोराला गाडी दिसते, तिच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही. ताशी 60 किलोमीटरची गाडी एका सेकंदात 16 मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एकदा 'विठ्ठल' म्हणेपर्यंत! शाळेच्या मैदानात तेवढं अंतर पोरांकडून पावलांनी मोजून घ्या, डोळे मोठे होतील.

फूटपाथ आपल्याकडे कुठला? म्हणून उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं, एकामागे एक चालायचं. पुढे उजवीकडचं आंधळं वळण असेल तर बरंच आधी, रस्ता दोन्हीकडे दिसतो तिथं पलीकडे जायचं. एसटीतून उतरल्यावर तिच्या पुढून पळायचं नाही, ती निघून जाऊ द्यायची. पावसाळ्यात इरलं घेतलं की बाजूचं दिसत नाही, छत्री वाऱ्याला आडवी धरली की समोरचंही नाही. ओलांडताना इरलं मागे सारून बघायला लावा.

चार-पाच दिवस पाड्यापासून शाळेपर्यंत सोबत चाला. मग पोराला पुढे करा, आपण मागे. "टेम्पो येतोय, थांबलो" असं त्यानं मोठ्यानं बोलायचं. तो काय बघतो, काय सुटतं, लगेच कळतं. अन् चहाची टपरी दिसली की आपणच आडवे पळतो, ते पोरं बघतात बरं का!

दिंडीत टाळमृदंगापुढे हॉर्न ऐकू येत नाही. पहाटे धुकं असतं. चोपदारांना विनंती, यंदा मुलं मधल्या रांगांत ठेवा, दर चार मुलांमागे एक मोठा माणूस नेमा. शेवटच्या माऊलीच्या हाती मागून दिसेल असा लाल दिवा द्या. दिव्यांचे पैसे आजच गोळा करू, पेटी मंडपाच्या दारात ठेवली आहे.