फसलेला वर्ग



युनियनचा माणूस शिकवण्यावर काय बोलणार, अशी शंका आपल्याला आली असेल. ती रास्त आहे. मी शाळा लवकर सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. पण वर्ग मीही घेतले आहेत आणि ते फसलेही आहेत. त्यांतला एक सांगतो.

दौंडला कंत्राटी कामगारांसाठी आम्ही अभ्यासवर्ग चालवत होतो. त्या दिवशी विषय होता ग्रॅच्युइटी, म्हणजे 1972 च्या कायद्यातला हिशेब. मी फळ्यावर मांडले : शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षे. एकाने विचारले, "अण्णा, महिना तीस दिवसांचा, मग भागायचे सव्विसाने का?" मी म्हणालो, "कायद्यात तसे आहे म्हणून." आवाजही चढलाच. पुढे कोणी काही विचारले नाही. दोघे तर भिंतीला टेकून झोपले. पुढच्या आठवड्यात एकोणीसपैकी पाच आले.

परतताना एस.टी.त न्हावऱ्यापर्यंत मी कामगारांना दोष दिला, न्हावऱ्यानंतर स्वतःला. दोन्ही व्यर्थ. कारखान्यात उत्पादन घटले आणि मॅनेजर म्हणाला की कामगार आळशी आहेत, तर आम्ही लगेच विचारतो : माल कसा होता? उजेड पुरेसा होता का? पाळी किती तासांची झाली? हेच प्रश्न मी माझ्या वर्गाला लावले नव्हते. लावल्यावर दिसले की माणसे पहिली पाळी करून उपाशी आली होती, खोलीत एकच दिवा होता, आणि मुख्य म्हणजे 26 कुठून आले हे मलाच ठाऊक नव्हते! एका जुन्या फिटरने मला ते सांगितले : महिन्यातले चार सुटीचे वार वजा.

मग मी भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन गेलो. कामगारांनीच रविवार खोडले. पगार 5,200, भागिले 26, म्हणजे रोज 200. पंधरा दिवसांचे 3,000, दहा वर्षांचे 30,000. तिसाने भागले तर 26,000. चार हजारांचा फरक दिसल्यावर कोणाला झोप येते?

आपल्या भागातल्या गुरुजी-बाईंची अडचण माझ्याहून मोठी. उसाचा हंगाम सुरू झाला की तोडणी कामगारांची मुले येतात, हंगाम संपला की जातात. रांजणगावच्या वसाहतीतल्या कित्येक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. अशा वर्गात दिवस बिघडला की राग मुलांवर निघतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मारणे आणि मानसिक छळ दोन्ही मना केले, ते योग्यच झाले. पण तो राग ठेवायचा कुठे, हे कायदा सांगत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. बाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी पाहिले.

मी आता वर्ग संपताच वहीत दोन ओळी लिहितो. गेल्या रविवारची नोंद अशी आहे : "भविष्यनिर्वाह निधी. सहाच्या सुमारास तिघे उठून गेले. नळाला पाणी यायची वेळ होती काय, ते विचारणे."