तालुक्याच्या बातमीचे धनी



वार्ताहर आणि वृत्तपत्र विक्रेत्यांच्या या संमेलनासाठी इतवारी निवडलीत याचा मला आनंद आहे. वृत्तपत्रातल्या पैशाबद्दल बोलायला नागपुरात याहून योग्य जागा नाही. इथल्या सराफांनी, कापडवाल्यांनी, किराणा ओळीतल्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाहिराती दिल्या, म्हणून या शहरातली पत्रे तगली. पत्रकारांच्या सभेत पैशाचा विषय निघाला की मंडळी अवघडतात. आज मी तो काढणार आहे आणि जवाहरलाल दर्डा, म्हणजेच बाबूजी, यांच्या निमित्ताने काढणार आहे.

बाबूजींचा जन्म 2 जुलै 1923 चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभूळगावचा. 1942 च्या लढ्यात त्यांनी जबलपूरचा तुरुंग पाहिला. स्वातंत्र्यानंतर यवतमाळात ‘नवे जग’ हे साप्ताहिक काढले आणि पुढे ‘लोकमत’ हाती घेतले. हे नाव त्यांच्या आधीचे. लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात याच नावाचे साप्ताहिक चालवले होते आणि ते नाव लोकमान्य टिळकांनी दिलेले होते. बंद पडलेले पत्र पुन्हा सुरू करताना दर्डांनी नावामागची ही पुण्याईही उचलली. व्यवहार कळणाऱ्या माणसाचे ते लक्षण होते आणि परंपरा मानणाऱ्याचेही.

15 डिसेंबर 1971 रोजी ‘लोकमत’ नागपुरात दैनिक झाले. पां. वा. गाडगीळ यांच्यासारखा जाणता संपादक पहिल्यापासून होता. बांगलादेशचे युद्ध ऐन भरात होते. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पण अशी बातमी सगळ्यांकडेच असते. 1911 पासूनचा ‘हितवाद’ होता, ‘तरुण भारत’ होता, रामगोपाल माहेश्वरींचा ‘नवभारत’ होता. नव्या पत्राने वाचक आणायचा कुठून?

तो आर्णी, दारव्हा, पांढरकवड्याहून आणायचा, हे दर्डांनी ओळखले असे मी मानतो. 1972 मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. आपल्या गावाजवळचे खरेदी केंद्र कधी उघडणार, चुकारा कधी मिळणार, हे शेतकऱ्याला ढाक्याइतकेच मोलाचे होते. ते सांगणारा माणूस तालुक्यातच हवा. 1982 साली औरंगाबादेत, अनंतराव भालेरावांच्या ‘मराठवाडा’च्या अंगणात, ‘लोकमत’ गेले तेव्हाही बळ याच माणसाचे होते. उद्योग वाढला, संपत्ती आली. ती कष्टाची आणि दूरदृष्टीची होती, हे मी मोकळ्या मनाने सांगतो.

बाबूजी मंत्रीही होते. ऊर्जा, उद्योग अशी मोठी खाती त्यांनी सांभाळली. हे बाजूला ठेवून त्यांचे चरित्र सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. शासनाचे खाते आणि छापखाना एकाच हातात असू नयेत, माणूस कितीही उमदा असला तरी, हे माझे ठाम मत आहे. वार्ताहराला कुणी काही सांगावे लागत नाही. मालक कोण आहे हे त्याला ठाऊक असते. तेवढ्याने लेखणी अडते. आज राजकारण आणि वृत्तपत्र यांची सोयरीक देशभर झाली आहे, म्हणून ती योग्य ठरत नाही.

आता त्या तालुक्याच्या माणसाकडे येतो. त्या काळी तो दिवसा शाळेत शिकवी किंवा दुकानात बसे. दुपारी तीनच्या सुमारास आखीव कागदावर बातमी लिहून तो पाकीट चिकटवी आणि एसटी स्टँडवर जाई. नागपूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा असे. पाकीट त्याच्या पेटीत जाई आणि रात्री इकडे कार्यालयाचा शिपाई ते उतरवून घेई. घाईची बातमी असली तर तार. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधीच सुटलेली असली तर ती बातमी नेमकी त्याच्याच गावाला वाचायला मिळत नसे. दुसऱ्या दिवशी गाव त्याला विचारी, ‘काय भाऊ, आलं नाही?’

या कामाचे त्याला काय मिळाले? ओळखपत्र, थोडे मानधन आणि जाहिरात आणलीच तर तिच्यावर कमिशन. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता तोच श्रमिक पत्रकार ठरवला. शाळामास्तर-वार्ताहर त्या व्याख्येच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. पत्रकारांच्या वेतनासाठी पालेकर, बच्छावत, मणिसाना झाले. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. तालुक्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यातले फारच थोडे पोचले. आणि जाहिरात आणायची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात असेल, तर ज्या संस्थाचालकाकडून ती घ्यायची त्याच्याविरुद्ध त्याने लिहायचे कसे? याचे उत्तर कोणत्याही एका घराण्याने द्यायचे नाही, आपल्या साऱ्या धंद्याने द्यायचे आहे.

विक्रेत्यांनो, तुमचेही तेच. पाऊस असो, थंडी असो, पुरवण्या भरून, पत्रके टाकून, दार गाठायचे. न खपलेल्या अंकांचा परतावा घ्यायचा की नाही, हे मात्र दुसऱ्याने ठरवायचे. अनामत तुमची आणि बुडीत उधारीही तुमचीच.

मालकांची चरित्रे निघतात, गौरवग्रंथ निघतात. निघावेत. बाबूजींचे चरित्र तर विदर्भातल्या प्रत्येक होतकरू संपादकाने अभ्यासावे. पण त्याच इतिहासाची दुसरी वही कोरी आहे. म्हणून या संमेलनापुढे मी दोन ठराव ठेवतो. पहिला, तालुका वार्ताहराला जाहिरातीच्या उद्दिष्टातून मोकळे करून किमान मानधन लेखी ठरवावे, अशी मागणी सर्व वृत्तपत्रचालकांकडे करावी. दुसरा, सत्तरच्या दशकात काम केलेल्या वार्ताहरांच्या आणि विक्रेत्यांच्या मुलाखती वर्षभरात ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांतले बरेच जण आज ऐंशीच्या पुढे आहेत. कुणाकडे जुनी ओळखपत्रे, तारांच्या पावत्या, एजन्सीच्या वह्या असतील, त्यांनी जेवणाच्या सुटीत संयोजकांच्या टेबलावर नाव नोंदवावे.