मनगटातून की जांघेतून?

मी पूर्वी दवाखान्यात सिस्टर होते, म्हणून आज जरा वेगळा विषय घेते.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या सासूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड. पंधरा मिनिटांत सगळं जागेवर. घरचे म्हणाले, दगदगीनं झालं असेल. सुनेनं ऐकलं नाही. वैजापूरला दाखवलं, तिथून संभाजीनगरला नेलं. मानेतून मेंदूकडे जाणारी उजवीकडची मोठी शीर आतून चरबी साचून अरुंद झाली होती. अशानं कधीही लकवा मारू शकतो. डॉक्टर म्हणाले, स्टेंट टाकू. स्टेंट म्हणजे शीर उघडी ठेवणारी धातूच्या जाळीची छोटी नळी.

सगळ्यांनाच तो लागत नाही. कुणाचं औषधावर भागतं, कुणाची शीर ऑपरेशन करून साफ करतात. पण स्टेंट ठरलाच, तर तो मानेपर्यंत न्यायचा कुठून?

जुनी वाट जांघेतली. तिथली शीर मोठी, नळी सहज सरकते. पण नंतर पाय सरळ ठेवून काही तास उताणं पडावं लागतं. कंबर धरते, लघवीला पॉट. लाजेपायी बाया पाणीच पीत नाहीत, हे मी वॉर्डात किती वेळा पाहिलं! शिरेत सोडलेलं औषध बाहेर पडायला तर पाणी लागतं.

दुसरी वाट मनगटातली, नाडी बघतात ती शीर. कॅनडाच्या डॉ. कॅम्पो यांनी १९८९ मध्ये हृदयाच्या तपासणीसाठी ही वाट दाखवली. नंतर ती मानेच्या शिरेसाठीही वापरू लागले. मनगटाला पट्टा बांधतात, माणूस लवकर उठून बसतो. रक्तस्राव झाला तर लगेच दिसतो, दाबता येतो.

मग सगळ्यांचं मनगटातूनच का नाही? हंगेरीत २६० रुग्णांवर दोन्ही वाटा ताडून पाहिल्या, २०१४ मध्ये ते छापून आलं. काम दोन्हीकडून झालं, मोठा त्रास दोन्हीकडे सारखाच कमी. पण मनगटातून सुरू केलेल्या शंभरातल्या दहांची वाट बदलावी लागली, जांघेतल्या शंभरात एक-दोघांची. एक्स-रेचा माराही मनगटात जास्त. आपल्या बायांची मनगटातली शीर बारीक, ती आखडते. आणि उजव्या हातातून मानेच्या डाव्या शिरेत वळणं कधी कधी फार अवघड जातं. तेव्हा डॉक्टर जांघ म्हणाले तर ते जुनाट आहेत असं समजू नका. कारण विचारा, विचारायचा आपला हक्क आहे. किडनीचा आजार असेल तर आधीच सांगा, पुढं डायलिसिसला हातातल्याच शिरा लागतात.

सासूबाईंचं मनगटातून ठरलं, आणि अडलं बांगड्यांवर. मालक जिवंत असताना हात रिकामा कसा ठेवू, म्हणाल्या. सुनेनं उजव्या हातातल्या काढून डाव्या हातात भरल्या. झालं.

घरी आल्यावर काही दिवस त्या हातानं हंडा उचलायचा नाही, धुणं पिळायचं नाही. हात निळा-गार पडला, जांघेत गाठ फुगली, पोटा-पाठीत जोरात दुखू लागलं, तर लगेच दवाखाना. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, उपवासालासुद्धा. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, असं कुणाला दिसलं तर पंधरा मिनिटं वाट बघत बसू नका. १०८ ला फोन लावा.