उरल्याची झोप आणि कामगारांची गाडी



रायपूरनजीकच्या उरला-बिरगाव पट्ट्याजवळून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. रात्रपाळी करून दिवसा निजणाऱ्या कामगाराला गाडीची शिट्टी किती छळते, हे रुळांलगत राहणाराच जाणतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी विभागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तक्रार न्याय्यच आहे.

परंतु ‘गाडीच नको’ ही मागणी श्रमिकांच्या हिताची नव्हे. या मार्गावर विजेची इंजिने धावतात. वस्तीवर बसणारी काजळी येते ती कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांतून. तिचे खापर पॅसेंजरच्या माथी फुटले, की भट्टीमालक नामानिराळा राहतो. २०२२ साली कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी छत्तीसगडातील प्रवासी गाड्या रद्द झाल्या, तेव्हा स्वस्त प्रवासाला मुकला तो गरीबच.

म्हणून मागणी नेमकी हवी : फाटकाच्या जागी भुयारी मार्ग, म्हणजे तेथे शिट्टीचे कारणच उरणार नाही, वस्तीलगत ध्वनिरोधक भिंत, आणि भट्ट्यांवरील धूळरोधक यंत्रे अहोरात्र चालू. निवांत झोप आणि स्वस्त गाडी, दोन्हींवर कामगाराचा हक्क आहे. एकासाठी दुसरा सोडू नका!