ट्रॅक्टरसाठी पाना-पक्कड, माणसासाठी काय?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, कर्ज, वीज हे विषय या बैठकीत नेहमी होतात, आजही होणार आहेत. त्याआधी आम्हाला थोडा वेळ हवा आहे, एका डब्यासाठी.

आज इथे पुष्कळ जण ट्रॅक्टर-ट्रॉलीने आले आहेत. त्या ट्रॅक्टरची टूलबॉक्स उघडली तर पाना निघतो, पक्कड निघते, ट्रॉलीची पिन, तार, ग्रीस निघते. यंत्र रानात बंद पडले तर काय करायचे याची आपण तयारी ठेवतो. पण यंत्रावर बसलेला माणूस रानात पडला तर? त्याची तयारी कोणत्या डब्यात आहे?

कोणी म्हणेल, 108 ला फोन करू. जरूर करावा. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका सुरू आहे. पण ती येते डांबरी रस्त्यापर्यंत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत तिचे चाक फिरत नाही. धुऱ्यापासून डांबरीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर आपल्याच अंगावर राहतात. तेवढ्या वाटेवर रुग्णवाहिका म्हणजे आपला ट्रॅक्टर, आपली बैलगाडी, आपली मोटारसायकल. म्हणून डबा या गाड्यांत हवा, घरातल्या फळीवर नव्हे.

एक गोष्ट आधी पक्की करू. हा डबा माणूस बरा करण्यासाठी नाही. तो माणूस आणखी न बिघडता दवाखान्यात पोचावा, यासाठी आहे. एवढे ध्यानात ठेवले की डब्यात काय हवे आणि काय नको, हे ठरवणे सोपे जाते.

रक्त वाहते तेव्हा

विळा, कुऱ्हाड, मळणी यंत्र, रोटाव्हेटर. यांच्या जखमा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यासाठी डब्यात गॉजच्या बंद पुड्या, चार इंची क्रेप बँडेजच्या चार गुंडाळ्या, चिकटपट्टी, कात्री आणि रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड ठेवावेत. धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवलेल्या सुती कापडाच्या घड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवाव्यात.

गॉजची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबायचे. दहा मिनिटे हात उचलून पाहायचे नाही. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवायची. आपण कापूस पिकवणारी माणसे, हाताशी कापूस असतोच. पण उघड्या जखमेवर कापूस ठेवू नका. त्याचे तंतू रक्तात चिकटतात आणि मग निघत नाहीत. माती, हळद, तंबाखू, डिझेल यांतले काहीही जखमेत भरू नका.

हात-पाय यंत्रात सापडून रक्ताची चिळकांडी दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधावी, वेळ लिहून ठेवावी आणि ती डॉक्टरच्या हातानेच सोडवावी. बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात किंवा थंड पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये.

पान लागले तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. चौघांच्याही विषावर एकच प्रतिविष चालते. ते दवाखान्यात, शिरेतून आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यावे लागते, कारण त्याची उलट प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ते आपल्या डब्यात ठेवायचे नाही. डब्यात ठेवायच्या बांबूच्या दोन गुळगुळीत कामट्या, हातभर लांबीच्या, आणि जुन्या लुगड्याच्या रुंद पट्ट्या.

चावलेला हात किंवा पाय कामटीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. माणसाला चालवायचे नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज चढते. दोरीने आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, सगळे बंद. आवळलेल्या पायाची पुढे हानी होते, आणि मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला तास परत मिळत नाही. सापाच्या मागे धावू नका. दुरून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

रानडुकरांपायी रात्रीची जागल करावी लागते. मण्यार रात्री चावते, आणि तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर खूण दिसत नसली तरी दवाखाना गाठा. म्हणून डब्यात बॅटरी आणि तिचे जादा सेल हवेतच.

चिखलात ट्रॅक्टर सावकाश चालतो. जिथे मोटारसायकल निघते तिथे रोग्याला दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. नेपाळच्या तराईत गावकऱ्यांनी अशी व्यवस्था उभी केली आणि सर्पदंशाचे मृत्यू घटले. ट्रॉलीत न्यायचे असेल तर खाली कडब्याचा जाड थर टाका, वर ताडपत्री घाला, रोग्याला कुशीवर निजवा आणि एक माणूस शेजारी बसवा. मडगार्डवर कोणालाही बसवून नेऊ नका.

विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर करून पुष्कळ जीव वाचवले. पण त्या गोळीने रक्तदाब उतरतो. ती डॉक्टरने द्यायची असते, आपल्या डब्यातून वाटायची नसते.

फवारणीच्या दिवसांत

2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, आणि फवारा आपल्याच अंगावर येत होता.

फवारणीला जाणाऱ्या गाडीत वीस लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, साबणाची वडी, एक जुना सदरा आणि लुंगी हवी. डोळ्यांची आग, घाम, लाळ, मळमळ, धाप, यांतले काही सुरू झाले की पंप उतरवा. हातमोजे घालून रोग्याचे कपडे काढा आणि साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवा. डोळ्यांवर फक्त साधे पाणी, पंधरा मिनिटे. दूध, तूप पाजायचे नाही, उलटी करवायची नाही. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल मात्र सोबत न्यायचेच. लेबलवर घटक आणि उतारा छापलेला असतो. काही विषांवर ॲट्रोपिन चालते, काहींवर उताराच नाही. कोणते विष ते डॉक्टरने ओळखायचे कसे, लेबल मागे राहिले तर?

उन्हाळ्यात

पऱ्हाटी उपटताना ऊन लागते. ओआरएसच्या पाच-सहा पुड्या ठेवा. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटर, पूर्ण पुडी घाला. अंग तापून माणूस बरळू लागला तर सावलीत न्या, ओले कापड गुंडाळा, वारा घाला, आणि गाडी काढा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जाते.

डबा आणि त्याची निगा

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, वर जाड कापडी पिशवी. टूलबॉक्समध्ये ग्रीस-डिझेलशेजारी ठेवू नका, सीटच्या मागे सावलीला बांधा. झाकणाच्या आत कागद चिकटवा: 108, 112, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन, प्रतिविष असलेला सर्वांत जवळचा दवाखाना, आणि शिवारात कोणत्या टेकाडावर मोबाइलची रेंज येते ते. सोबत पेन्सिल आणि वही. दंशाची किंवा अपघाताची वेळ लिहिली की डॉक्टरचे काम सोपे होते.

वर्षातून तीनदा डबा उघडायचा: मृगाच्या आधी, पोळ्याला आणि वेचणी सुरू होताना. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो, त्याच दिवशी मुदत संपलेली पुडी बदलायची. वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात भरायची. ही जबाबदारी घरातल्या एकाच माणसाची असावी, आणि हा डबा कसा वापरायचा हे बायामाणसांना आधी शिकवावे. निंदणी-वेचणीला रानात सर्वांत जास्त त्याच असतात.

रस्त्यावर ट्रॉली उलटली तर पोलिसांच्या भीतीने लोक काढता पाय घेतात. भिऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतील कलम 134-अ ने अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आता कोणी विचारेल, रस्ता सरकारने करायचा, औषध सरकारने ठेवायचे, मग डबा आम्ही का भरायचा? भावांनो, दोन्ही करायचे. डबा भरणे म्हणजे सरकारला माफी नव्हे. पांदण रस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली. आपली पांदण कोणत्या यादीत आहे, हे ग्रामसभेत लेखी विचारा. आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, आणि रात्री डॉक्टर कोण असतो, तेही लेखी विचारा. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करू, असा आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. त्याचा हिशेब आपल्या तालुक्यात कोण देणार, हेही विचारा.

कामाची वाटणी अशी करू. प्रत्येक गावशाखेने मृगाच्या आधी ट्रॅक्टरमालकांची यादी करावी आणि डब्यांचे सामान एकत्र घ्यावे, म्हणजे स्वस्त पडेल. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला बोलावून पट्टी आणि कामटी बांधण्याचा सराव करावा. आरोग्य केंद्राच्या उत्तराची प्रत तालुका प्रमुखाकडे द्यावी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना डबे सोबत आणा. भाषणाआधी आपण ते इथेच उघडून पाहू.